गटाने टॉर्च घ्यायच्या तर आधी सेल ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरच्या राजेंद्र नगर भागातला तुमचा पंधरा जणांचा गट पावसाळ्यात आणि थंडीत जानापाव, चोरल, मांडू अशा फेऱ्या करतो. उतरेपर्यंत बहुतेक वेळा अंधार होतो आणि मोबाइलच्या उजेडावर भागवून सगळे कंटाळलेत. आता सर्वांनी मिळून एकदम टॉर्च मागवायच्या आहेत. गटातल्या एकाने ‘एक लाख लुमेन’ची टॉर्च सुचवली आहे (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप), सोबत ‘९९०० एमएएच’चे दोन सेल (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप), आणि पंधरा घेतल्या तर भावही उतरतो आहे. ती घ्यावी का, आणि ती नको असेल तर कुठली, असं तुम्ही विचारलं आहे.

त्या टॉर्चपुरतं उत्तर सरळ आहे: घेऊ नका. ‘मग कुठली’ याचं उत्तर मात्र एका नावात देण्यासारखं नाही. मी इंदुरातच टॉर्च आणि लिथियम पॅक दुरुस्तीचं काम करतो आणि ओळखीच्या गटांसाठी अशा एकत्र खरेदीची जबाबदारीही घेत आलो आहे. टॉर्च वाईट निघाली तर फार तर उजेड कमी पडतो. सेल वाईट निघाला तर आग लागू शकते. तुम्हाला वाटतंय आपण पंधरा टॉर्च घेतोय, पण खरं पाहता पंधरा घरांत आणि पंधरा पाठपिशव्यांत तीस लिथियम सेल जाणार आहेत, आणि तुमच्यातल्या बहुतेकांनी असा सुटा सेल आजवर हातात धरलेला नसणार. म्हणून आधी सेल, मग त्याला साजेशी टॉर्च आणि मग खरेदीची रीत, या क्रमाने सांगतो.

त्या एक लाख लुमेनचा हिशेब आधी करून टाकू. तो एकदा जमला की कुठल्याही जाहिरातीला लावता येतो. आजच्या चांगल्या एलईडी टॉर्चमधून एका वॅटमागे साधारण शंभर लुमेन बाहेर पडतात, फारच उत्तम असेल तर सव्वाशे-दीडशे. म्हणजे एक लाख लुमेनसाठी हजार वॅट लागणार. आता सेलकडे या. अशा टॉर्चमधल्या सेलचं १८६५० हे नाव म्हणजे नुसता आकाराचा आकडा आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य गोल नळकांड्यासाठी. या आकारात नावाजलेल्या कंपन्यांचे जे सेल सर्रास मिळतात ते ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. ३.६ व्होल्टने गुणा, साडेबारा वॅट-तास झाले. दोन सेलचे पंचवीस. त्यातून हजार वॅट ओढायचे तर दीड मिनिटात सगळं संपेल, आणि तेवढ्यासाठीही एकेका सेलमधून १४० अँपिअरच्या घरात प्रवाह वाहावा लागेल. टॉर्चमध्ये वापरले जाणारे चांगले सेल दहा, वीस, फार तर तीस-चाळीस अँपिअर देतात.

एक लाख लुमेनची खरी टॉर्च जगात नाही असं नाही. इमालेंट कंपनीची एमएस १८ आहे. तिच्यात अठरा एलईडी आणि जाडजूड २१७०० आकाराचे आठ सेल आहेत, थंड ठेवायला पंखा बसवलेला आहे आणि वजन दोन किलोच्या जवळ जातं. तिच्याशी तुमच्या सहकाऱ्याने पाठवलेल्या फोटोतली वीतभर टॉर्च ताडून पाहिली की आणखी काही सांगायची गरज उरत नाही.

हाच हिशेब उलटा केला की कामाचा होतो. एका अस्सल १८६५० सेलमध्ये साधारण बाराशे लुमेन एक तास, किंवा चारशे लुमेन तीन तास, किंवा शंभर लुमेन अर्धा दिवस, एवढीच शिदोरी असते. जानापावहून उतरायला दीड-दोन तास लागतात असं धरलं तर एक चांगला सेल आणि एक राखीव सेल यात तुमचं सहज निभतं. हे मुद्दाम सांगतो, कारण गटखरेदीच्या चर्चेत आकडा वाढवण्याची चढाओढ लागते आणि गरज बाजूला पडते.

आता त्या ‘९९००’ सेलबद्दल. असे सेल माझ्या टेबलावर येतच असतात, बहुधा ‘टॉर्च पाच मिनिटांत मंद होते’ या तक्रारीबरोबर. मी पहिल्यांदा वजन करतो. अस्सल १८६५० सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅमच्या दरम्यान भरतो. हा हातात घेतल्याबरोबर हलका लागतो आणि काट्यावर बत्तीस-पस्तीस ग्रॅम दाखवतो. मग क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर पूर्ण भरून पूर्ण रिकामा करतो, तेव्हा आकडा हजार-बाराशे एमएएचवर येऊन थांबतो, कधी त्याच्याही खाली. वरचं रंगीत प्लॅस्टिक जपून कापलं तर कधी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला, डाग पडलेला सेल निघतो. कधी बाहेरच्या नळकांड्यात एक बारीक सेल आणि उरलेल्या जागेत पांढरी पूड असते. तुमच्याकडे असा सेल आला असेल तर माझ्याकडे यायचीही गरज नाही. सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवून बघा, मिनिटभराचं काम आहे. हे सेल कापून बघण्याच्या भानगडीत मात्र घरी पडू नका. चार्ज असलेल्या सेलला पात्याचा धक्का लागला तर तो शॉर्ट होऊ शकतो.

अस्सल सेल ओळखायचे कसे हा पुढचा प्रश्न, आणि घोडं नेमकं इथेच पेंड खातं. खरे सेल बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांपैकी काही अशा: सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक, मुराता, मोलिसेल. मुराताने २०१७ मध्ये सोनीचा बॅटरी व्यवसाय घेतला, त्यामुळे जुने लोक आजही व्हीटीसी ६ या सेलला सोनीचाच म्हणतात. टॉर्चच्या नावाने विकले जाणारे अनेक चांगले सेल आतून याच कंपन्यांचे असतात, वर फक्त दुसरं प्लॅस्टिक असतं. त्यात गैर काही नाही. नाव नसलेल्या सेलवर भला मोठा आकडा छापलेला दिसला की मात्र हात आखडता घ्या.

क्षमता आणि प्रवाह या दोन गोष्टींची सेलमध्ये नेहमी ओढाताण असते. सॅमसंगचा ३५ई सेल ३५०० एमएएचचा आहे, पण सतत आठ अँपिअरच देतो. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० एमएएचचा आहे, पण पंधरा अँपिअर देतो. एलजीचा एमजे १ बराचसा मधला, ३५०० एमएएच आणि दहा अँपिअर. तुम्हाला लागणारी टॉर्च हजार लुमेनच्या आसपासची, म्हणजे तीन-चार अँपिअर ओढणारी. तिला ३५ई किंवा एमजे १ उत्तम, वेळ जास्त मिळतो. कुणी शौकाने तीन-चार एलईडींची, पंधरा-वीस अँपिअर ओढणारी तापट टॉर्च घेतली आणि त्यात ३५ई घातला, तर सेल तापेल आणि उजेडही पडणार नाही. म्हणून ‘सगळ्यात चांगला सेल कुठला’ असं एकट्या सेलबद्दल विचारण्यात अर्थ नसतो, समोर कुठली टॉर्च आहे ते आधी सांगावं लागतं.

इथे एक गोष्ट तुमच्या गटातल्या माणसांवर अवलंबून आहे आणि ती मला इथून ठरवता येणार नाही. सुटा सेल बाहेरून जवळजवळ सगळाच मायनस असतो. प्लस फक्त डोक्यावरचा छोटा भाग, आणि दोन्हींच्या मध्ये एक कागदी चकती व पातळ प्लॅस्टिक. ते प्लॅस्टिक डोक्याच्या कडेला फाटलं आणि सेल खिशात किल्ल्यांबरोबर पडला, तर तो शॉर्ट होतो आणि खिशातच पेटू शकतो. ज्यांना हे समजलं आहे आणि जे दोन रुपयांच्या गोष्टीसारखा सेल ड्रॉवरमध्ये टाकणार नाहीत, त्यांना सुटे सेल आणि वेगळा चार्जर द्यायला हरकत नाही. मोठ्या कंपन्या स्वतःच सांगतात की त्यांचे सुटे सेल पॅकमध्ये वापरण्यासाठी आहेत, ग्राहकाच्या हाती सुटे देण्यासाठी नाहीत. याचा अर्थ त्यांना हात लावू नये असा मी घेत नाही, पण जबाबदारी पूर्णपणे आपली हे त्यातून कळतं.

बाकीच्यांसाठी मी टॉर्चमध्येच चार्जिंगची सोय असलेली आणि सेल सोबत येणारी टॉर्च सुचवतो. सेल बाहेर काढायची वेळच क्वचित येते. संरक्षण सर्किट, म्हणजे शॉर्ट झाल्यावर किंवा जास्त चार्ज होताना प्रवाह तोडणारी सोय, असलेला सेल मिळाला तर आणखी चांगलं. हे सर्किट तळाशी बसवलेलं असतं, त्यामुळे सेल तीन-चार मिलिमीटर लांब होतो आणि काही टॉर्चमध्ये मावत नाही. ऑर्डरआधी हे बघून घ्यावं. आणि गटात सत्तरीच्या काकू किंवा शाळकरी मुलं असतील तर त्यांना लिथियम मुळीच देऊ नका. एनेलूपसारखे रिचार्जेबल एए सेल (नेहमीच्या पेन्सिल सेलच्या आकाराचे) आणि त्यावर चालणारी शंभर-दीडशे लुमेनची टॉर्च किंवा डोक्याला लावायचा दिवा पुष्कळ होतो. हे सेल वर्षभर कपाटात राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात. चूक झाली तर तापतात, पण लिथियमसारखे भडकत नाहीत.

आणखी एक अट मी माझ्या ओळखीच्या गटांना आग्रहाने घालतो: एकाच सेलवर चालणारी टॉर्च. एकामागे एक दोन-तीन सेल घालायच्या टॉर्चमध्ये सगळे सेल सारखे, एका वयाचे आणि एकसारखे चार्ज झालेले लागतात. त्यातला एक कमजोर असेल तर तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्याच्यातून तरीही प्रवाह ढकलत राहतात. तो बंद नळीत तापतो, त्यातून विषारी आणि पेट घेणारा वायू सुटतो आणि बाहेर पडायला वाट नसते. टॉर्चचा स्फोट झाल्याच्या ज्या बातम्या आपण ऐकतो त्यांमागे बरेचदा हेच असतं. पंधरा जणांच्या गटात रात्री चार्ज करताना सेल एकमेकांत मिसळणारच, ते कुणीही थांबवू शकत नाही. एका सेलच्या टॉर्चमध्ये त्या मिसळण्याने काही बिघडत नाही, उलट फायदाच होतो. सर्वांचा आकार एक, त्यामुळे कुणाचा सेल संपला तर दुसऱ्याचा राखीव चालतो. गटखरेदीचा खरा लाभ मला भावापेक्षा यात जास्त दिसतो.

आता उजेडाबद्दल. पायवाटेसाठी काय लागतं आणि जाहिरात काय दाखवते यात फार अंतर आहे. लुमेन म्हणजे एकूण उजेड. झोत किती लांब जाईल ते कँडेलावर, म्हणजे झोताच्या तीव्रतेच्या मापावर, ठरतं. टॉर्चसाठी एफएल १ नावाचं अमेरिकन मानक आहे, २००९ पासूनचं. त्यानुसार झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्सवर येतो ती जागा, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की ते अंतर मीटरमध्ये मिळतं: दहा हजार कँडेला असतील तर २०० मीटर, चाळीस हजार असतील तर ४००. पण चांदण्याइतक्या उजेडात समोर दगड आहे की म्हैस ते कळत नाही, म्हणून कामाचं अंतर त्याच्या अर्धं किंवा त्याहून कमी धरा. चालण्यासाठी रुंद, मऊ कडांचा झोत लागतो, कारण लक्ष पायाखाली आणि पुढच्या दहा-पंधरा पावलांवर असतं. पंधरांपैकी दोघांकडे, म्हणजे सर्वांत पुढच्या आणि सर्वांत मागच्या माणसाकडे, लांब फेकणारी टॉर्च असली की पुरे. सगळ्यांनीच लांब झोताची घेतली तर पुढच्याच्या पाठीवर लख्ख गोळा पडतो आणि पाय अंधारात राहतात.

त्याच मानकात टॉर्च किती वेळ चालते हेही मोजतात: सुरू केल्यावर तीस सेकंदांनी जेवढा उजेड असतो त्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ. म्हणजे ‘१००० लुमेन, ३ तास’ असं छापलेलं असेल तर तीन तास हजार लुमेन मिळतील असा त्याचा अर्थ होत नाही. पहिली दोन-तीन मिनिटं हजार, मग उतरून साडेतीनशे, आणि शेवटचा बराच वेळ त्याहूनही कमी, असं असू शकतं. यात फसवणूक नाही. हजार लुमेनला दहा वॅट लागतात, त्यातला बहुतेक भाग उष्णता होऊन बाहेर पडतो, आणि एवढीशी अ‍ॅल्युमिनियमची नळी तेवढी उष्णता हवेत सोडू शकत नाही. म्हणून चांगली टॉर्च तापमान बघून स्वतः उजेड उतरवते. जी उतरवत नाही ती स्वतःचा एलईडी आणि सेल दोन्ही भाजते. विकत घेताना सर्वांत वरचा आकडा सोडा आणि मधल्या टप्प्यावर, तीनशे-चारशे लुमेनवर, ती किती तास टिकते ते बघा. तुम्ही चालणार आहात त्या टप्प्यावरच. शिवाय डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला लुमेन साधारण चौपट लागतात, त्यामुळे हजार आणि बाराशेतला फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

रंगाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण माझ्या मते तो लुमेनपेक्षा महत्त्वाचा. निळसर पांढरा, ६५०० केल्विनचा उजेड (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जास्त तितका उजेड निळसर) दुकानात चमकदार वाटतो. तोच पावसात किंवा धुक्यात समोर पांढरी भिंत उभी करतो आणि ओल्या मातीत वाळकी पानं, मुळं, साप सगळं एकाच करड्या रंगाचं दिसतं. ४००० ते ५००० केल्विनचा आणि रंग नीट दाखवणारा, म्हणजे सीआरआय नव्वदच्या वरचा एलईडी मिळत असेल तर पाच-पंधरा टक्के लुमेन सोडून तो घ्या. निचियाचा ५१९ए किंवा सॅमसंगचा एलएच ३५१डी ही त्यातली माहीत असलेली नावं. धुक्यात टॉर्च डोळ्यांजवळ न धरता कमरेशी धरा. डोक्यावरच्या दिव्याचा उजेड थेंबांवरून सरळ डोळ्यांत परततो, कमरेवरचा फारसा परतत नाही. चोरलकडच्या घाटात श्रावणात हे एकदा करून बघितलंत तर पुन्हा सांगावं लागणार नाही.

एवढं ठरलं की टॉर्च निवडणं सोपं होतं: एक १८६५० सेल, टाइप-सी चार्जिंग, मधल्या टप्प्यावर तीन तास, ४०००-५००० केल्विन, आयपीएक्स ७ किंवा त्याहून वरचं पाण्यापासून संरक्षण. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. वुरकॉसची एफसी ११ आणि सोफिर्नची एससी ३१ प्रो या दोन टॉर्च या चौकटीच्या आसपासच्या, शौकीन लोकांत रुळलेल्या आहेत. सुट्या सेलवाल्यांसाठी कॉन्व्हॉयची एस २ प्लस आहे. साधी आहे, पण उघडून दुरुस्त करता येते, आणि मला दुरुस्तीवाला म्हणून ती आवडते. मॉडेल बदलत राहतात, म्हणून नावापेक्षा चौकट लक्षात ठेवा. एक गोष्ट जरूर तपासा: मागची टोपी पाव वळसा सैल केली की टॉर्च लागायची बंद होते का? ज्या नळीच्या आट्यांवर अ‍ॅनोडाइझचा, म्हणजे वीज न वाहू देणारा, थर असतो तिथे असं होतं. पिशवीत कपड्यांत दाबली जाऊन मोठी टॉर्च सुरू झाली तर कापड जळतं. पिशवीत टाकण्यापूर्वी टोपी सैल करायची, हा गटाचा नियमच करा.

कुठून घ्यायच्या? सियागंज, जेल रोड, महाराणी रोड इथे टॉर्च ढिगाने आहेत. ओळखीचा दुकानदार पक्कं बिल देत असेल आणि सेल वजन करून घेऊ देत असेल तर जरूर बघा. आपल्याकडे लिथियम सेलसाठी आयएस १६०४६ या मानकाखाली भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. सेलवर किंवा पाकिटावर तो मानक क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. परदेशातून मागवायचं असेल तर टॉर्च मागवा, पण सुटे सेल नकोत. १ एप्रिल २०१६ पासून सुटे लिथियम-आयन सेल प्रवासी विमानांतून माल म्हणून नेता येत नाहीत, आणि मालवाहू विमानातून नेताना ते तीस टक्क्यांहून जास्त चार्ज असून चालत नाहीत. त्यामुळे असे पार्सल अडकतात, परत जातात, किंवा विक्रेता वर भलतंच काही लिहून पाठवतो. यातलं शेवटचं तर अजिबात होऊ देऊ नका. टॉर्चच्या आत बसवलेल्या सेलसाठी नियम थोडे सैल आहेत, म्हणून सेलसकट टॉर्च बरेचदा सुरळीत येते. सीमाशुल्क, कर आणि कुरियरची फी भावात धरा. एकाच नावावर पंधरा सारख्या टॉर्च आल्या तर व्यापारी माल आहे का अशी विचारणा होऊ शकते. तेव्हा यादी आणि पावती दाखवून खरं ते सांगा. भारतातल्या आयातदाराकडे नग थोडा महाग पडतो, पण वॉरंटी आणि बिल हाती राहतं. पंधरा जणांसाठी माझा कौल त्यालाच.

आता एकत्र खरेदीची रीत. गट टॉर्चमुळे फुटत नाहीत, पैशाच्या घोळामुळे फुटतात, म्हणून हे आधी लिहून ठेवा. यादी करणारा एक आणि पैसे सांभाळणारा दुसरा असावा. पूर्ण रक्कम आधी जमा करायची, ‘आल्यावर देतो’ नको. नावं देण्याची शेवटची तारीख ठरली की त्यानंतर कुणालाही घ्यायचं नाही, अगदी सख्खा भाऊ असला तरी. मॉडेल आणि रंग दोनपेक्षा जास्त ठेवू नका. आधी फक्त एक नग मागवा, तो तिघा-चौघांनी अंधारात खरोखर वापरून बघा, मगच बाकीचे. एक टॉर्च आणि दोन सेल गटाच्या खर्चाने जास्तीचे घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं, जो नग खराब निघेल त्याचा भार ज्याच्या हाती तो आला त्याच्या एकट्याच्या माथी मारायचा नाही, सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा. हे सुरुवातीलाच मान्य करून घेतलं नाही तर वाटपाच्या दिवशी पाकिटं निवडण्यावरून कुरबुर होते.

माल आला की लगेच वाटू नका. सगळे एका घरी जमा, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. प्रत्येक सेलचं प्लॅस्टिक फाटलेलं नाही ना ते बघा, वजन करा आणि मल्टीमीटरने व्होल्ट मोजा. नवा सेल साधारण साडेतीन व्होल्टच्या आसपास येतो, तो वर सांगितलेल्या तीस टक्क्यांच्या नियमामुळे. एखादा अडीच व्होल्टच्या खाली आला तर तो चार्ज करून बघायचा मोह टाळा, परत करा. मग प्रत्येक सेलवर मार्करने क्रमांक आणि महिना लिहा आणि ४.२ व्होल्टपर्यंत भरा. भरताना कोमट होणं ठीक, हाताला चटका बसण्याइतका तापला तर काढून अंगणात फरशीवर ठेवा. भरलेले सेल आठ-दहा दिवस तसेच ठेवून पुन्हा मोजा. सगळे ४.१५ च्या वर असताना एखादाच ४.०५ वर आला असेल तर त्याच्यात आतून गळती आहे. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे सगळं व्हायला हवं, म्हणून मुदत आधी विचारून घ्या. काही टॉर्च दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलवर चार्ज होत नाहीत. सोबत आलेली केबल लावून बघितल्याशिवाय टॉर्च बिघडली असं ठरवू नका.

वापरताना इंदूरच्या उन्हाळ्याचा विचार करावाच लागतो. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीत साठच्या वर सहज जातं. गाडीच्या कप्प्यात कायमची टॉर्च ठेवायची असेल तर ती लिथियमची नसावी. पावसाळ्यापर्यंत टॉर्च लागणार नसतील तर सेल पूर्ण भरून ठेवू नका. ३.६ ते ३.८ व्होल्टवर, प्लॅस्टिकच्या डबीत, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा, आणि चार्जिंग रात्री झोपेत नको. विमानाने जाताना राखीव सेल डबीत घालून हातातल्या सामानात न्यायचे, चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. सेलमधून फुसफुस आवाज आला किंवा गोडसर उग्र वास आला तर हातातली टॉर्च लांब उघड्यावर फेका, माणसं मागे घ्या, धूर नाकात जाऊ देऊ नका. आजूबाजूला पेट घेण्यासारखं काही असेल तर भरपूर पाणी ओता.

आणि सध्या गटात कुणाकडे ते ९९०० वाले सेल असतीलच, तर ते पुन्हा चार्ज न करता दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत ठेवा. आपल्याकडे कचरागाडीत ई-कचरा आणि घरगुती घातक कचरा यांचे कप्पे वेगळे आहेत. गाडीवाल्याला सांगून त्यातच द्या, सुक्या कचऱ्यात नको. दाबयंत्रात असा एक सेल गेला तरी गाडी पेटते.

तुमची यादी झाली, आणि किती जणांना सुटा सेल चालेल व किती जणांना नको हे कळलं, की आकडे इथेच कळवा. एए सेलवाले किती हेही वेगळं सांगा, कारण त्यांचा चार्जर निराळा लागतो. ज्या आयातदाराकडून घ्यायचा विचार असेल त्याच्या सेलचा आणि पाकिटावरच्या छापील मजकुराचा जवळून काढलेला फोटो टाका. मी बघून सांगतो.